'लिंग्वा'चे अर्थ आणि बाबांचं 'चालेल'

ती. आत्यास,

तुझ्या भाचीचा वाकून नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर पाहून तू कोणी गेलं की काय म्हणून उभ्याउभ्याच वाचायला लागली असशील, तर आधी खाली बस. कोणी गेलेलं नाही. तुझा गुडघा कसा आहे? ते तेल लावतेस, की बाटली खिडकीत ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं मला बाहेरून कळलं. (तुझं आणि बाबांचं बोलणं बंद झाल्यापासून आपल्या घरात सगळं बाहेरूनच कळतं. तुझी बातमी आम्हाला मावशी सांगते आणि आमची तुला कोण सांगतं ते तूच जाणे.) थेंब वेळेवर घालत जा आणि भिंग लावून वर्तमानपत्र वाचू नकोस. हे पत्र वाचायला चालेल.

आता हा 'चालेल' शब्द माझ्या हातून गेलाच आहे, तर मुद्द्यावरच येते. बाबांना झटका येऊन गेला हे तुला कळलं असेल. हात आता बराच सुधारला आहे. काठी न घेता गॅलरीपर्यंत जातात, स्वतःच्या हाताने जेवतात, पेपर उघडून बसतात. समोरच्याचं बोलणं सगळं समजतं. वाचा मात्र गेली, आणि लिहून सांगणंही जमत नाही. वाचा गेली म्हणजे अगदी निपटून गेली असं नाही, जाताना एक शब्द मागे ठेवून गेली आहे. तो शब्द म्हणजे 'चालेल'.

तुला हसू आलं असेल तर हस, आम्हीही हसलो होतो. ज्या माणसाने उभ्या जन्मात कशाला चालेल म्हटलं नाही, त्याच्या तोंडी नेमका हाच शब्द उरावा! तू त्यांना धाकटा भाऊ म्हणून ओळखतेस, पण बाटल्यांच्या कारखान्यातला तपासनीस म्हणून पाहिलं नाहीस. मी एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हा पाहिलं. सरकत्या पट्ट्यावरून बाटल्यांची रांग यायची, मागे दिवा लावलेला, आणि बाबा स्टुलावर बसून एकेकीत बुडबुडा शोधत "नाही" म्हणत तिला उचलून बाजूला टाकायचे. घरी आले तरी तो पट्टा बंद व्हायचा नाही. नवे पडदे नाही, आईचा चष्मा नाही, भाजीवाल्याचा तराजू नाही, आणि मी एकदा चाचरत ज्याचं नाव काढलं होतं तो मनुष्य तर दिव्यासमोर धरण्याच्या आधीच नाही. (तो आता दोन मुलांचा बाप आहे आणि चांगला जाड झाला आहे. बाबांचं तेवढं एक बरोबर होतं असं मला हल्ली वाटतं, पण ते त्यांना सांगायची सोय राहिली नाही. सांगितलं तर 'चालेल' म्हणतील.)

पहिले काही दिवस आईने या परिस्थितीचा पुरता फायदा घेतला, हे मी तिच्या देखत लिहिते आहे. खुर्ची खिडकीपासून हलवली, चालेल. न वाजणारा रेडिओ भंगारात घातला, चालेल. मावशी राहायला येणार, तेही चालेल. आई म्हणाली, इतकी वर्षं हा एक शब्द मिळावा म्हणून मी काय नाही केलं. मग एका सकाळी तिने त्यांचा जुना निळा शर्ट उचलला आणि पोतेऱ्याला घेऊ का म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, "चालेल," आणि शर्टाकडे बघत राहिले. आईने तो शर्ट घडी घालून परत कपाटात ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला माझा नाही म्हणणारा माणूस हवाय, म्हणाली. आत्या, मी तिला इतकी रडताना कधी पाहिली नव्हती.

तर आता बाबांच्या तोंडून दुसरा एखादा शब्द काढायचा, कुठलाही, हे आमच्या घरातलं एकमेव काम आहे. त्यासाठी एक स्पीच थेरपिस्ट येते. (बाबा बरे असते तर त्यांनी तिला पहिल्याच दिवशी नापास केलं असतं, कारण ती फार गोड बोलते.) तिने मला घरी करायचा अभ्यास दिला. एकेका कार्डावर एकेक सोपं वाक्य मोठ्या अक्षरात लिहायचं, त्यांच्यासमोर धरायचं, आपण वाचायचं आणि त्यांच्याकडून म्हणवून घ्यायचं. मी ऑफिसातली जाड कार्डं उचलून आणली आणि रात्रीच्या जेवणानंतर लिहायला बसले. इथून माझ्या मूर्खपणाला सुरुवात होते.

कारण त्याच टेबलावर, तशाच कार्डांवर माझं ऑफिसचं कामही चाललं होतं. तुला माहीत आहे, आम्ही लॅटिनचा कोश करतो. (हे काम कशासाठी, असं तू मागे विचारलं होतंस. उत्तर अजून सापडलेलं नाही, सापडलं की कळवते.) माझ्या वाट्याला या खेपेला 'लिंग्वा' हा शब्द आला होता. आईने तो पाहुण्यांसमोर उच्चारायला मनाई केली आहे, पण त्याचा अर्थ अगदी सभ्य आहे, जीभ. एका अर्थावर कोश थांबत नसतो. लिंग्वा म्हणजे तोंडातली जीभ, तसंच बोलणं, आणि एखाद्या प्रदेशातल्या लोकांची भाषा. पाखरांचा आवाजही लिंग्वा. समुद्रात शिरलेला जमिनीचा चिंचोळा पट्टा लिंग्वा, पाव्याच्या तोंडाशी बसवलेली पातळ पट्टी लिंग्वा, औषधाचा चमचाभर डोसही लिंग्वा. जड दगड उचलायच्या पहारीचं जे टोक दगडाखाली सरकवतात तेही लिंग्वा. बैलाच्या जिभेसारख्या खरखरीत पानांची एक वनस्पती आहे, तीही यातच. लॅटिन बोलणाऱ्या त्या लोकांना आजूबाजूला जे लांब, पातळ आणि पुढे आलेलं दिसलं त्याला त्यांनी जीभ म्हटलं. आपण त्यांना हसायचं कारण नाही. आपणही बुटाची जीभ ओढून सरळ करतो आणि जीभ सैल सुटली म्हणतो, जशी काही ती कुठे बांधून ठेवली होती.

प्रत्येक अर्थाला एक कार्ड. दोन्ही गठ्ठ्यांना रबर लावले आणि झोपले. सकाळी घाईत एक उचलला, दुसरा आईच्या हाताशी ठेवला. कोणता कोणाकडे गेला ते तुझ्यासारख्या हुशार बाईला सांगायला नको.

आमच्या ऑफिसात कार्ड मंजूर करायची एक रीत आहे. मुख्य संपादक (मागे आम्ही त्यांना अर्धविराम म्हणतो, कारण वाक्याच्या मधोमध थांबून ते खिडकीबाहेर बघतात) प्रत्येक कार्ड मोठ्याने वाचतात, आणि बाकीच्यांनी हरकत घ्यायची. हरकत घ्यायलाच हवी. कोणी घेतली नाही तर कोणी ऐकत नव्हतं असं समजून ते पुन्हा वाचतात. त्या दिवशी त्यांनी माझा गठ्ठा सोडला, चष्मा पुसला आणि वाचलं, लिंग्वा, अर्थ पहिला, मला पाणी हवं आहे. अर्थ दुसरा, उशी जरा वर घ्या. अर्थ तिसरा, पंखा कमी करा. माझी जीभ टाळ्याला चिकटली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी रीतीप्रमाणे हरकत घेतली की, पंख्याचा दाखला त्या काळातला वाटत नाही. अर्धविरामांनी मान डोलावली आणि पुढचं घेतलं, माझं डोकं दुखतंय. मग, मला जरा एकटं बसू द्या. तिथे ते थांबले. खिडकीबाहेर इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं, आता नोकरी गेली. मग म्हणाले, "बाई, जिभेचा उपयोग तर हाच सगळा. पण छापता नाही येणार." आणि त्यांनी गठ्ठ्याला पुन्हा रबर लावून तो माझ्या हातात दिला. कशाचा आहे ते विचारलं नाही. आत्या, त्या माणसाला आम्ही जे नाव ठेवलंय त्याची मला पहिल्यांदाच लाज वाटली.

तिकडे घरी आई माझे अर्थ घेऊन बाबांसमोर बसलेली. मुलगी शिकलेली आहे, तिने विचार करूनच दिलं असणार, अशी तिची माझ्यावर श्रद्धा. तिने पहिलं कार्ड धरलं आणि ठणठणीत वाचलं, समुद्रात शिरलेला जमिनीचा चिंचोळा पट्टा. म्हणा. बाबा म्हणाले, "चालेल." पाव्याच्या तोंडाशी बसवलेली पातळ पट्टी. "चालेल." चमचाभर डोस हे कार्ड आलं तेव्हा ही औषधाची सूचना असणार असं ठरवून तिने त्यांना चमचाभर मध दिला. खरखरीत पानांच्या वनस्पतीसाठी तिने भाजीवाल्याला फोन केला आणि बैलाची जीभ आहे का म्हणून विचारलं. (तो आता आमच्याकडे वेगळ्याच नजरेने बघतो.) आणि मग शेवटचं कार्ड निघालं. ते असं होतं: पूजाविधी सुरू होताना पुरोहित लोकांना म्हणत, जिभेने शुभ राहा, म्हणजेच, गप्प राहा.

आईला वाटलं, हा आजचा शेवटचा धडा. ती गप्प बसली. मी संध्याकाळी धावतपळत घरी आले तेव्हा दोघं गॅलरीत होती. आईने बोट ओठावर ठेवून मला खूण केली. बाबांनी तिचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला होता आणि ते समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे बघत होते. त्यांचा चेहरा इतका मोकळा मी झटका आल्यापासून पाहिला नव्हता. रात्री आई म्हणाली, त्या कार्डानंतर दिवसभर त्यांना कोणी बोला म्हटलं नाही गं.

तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. चांगलं बोलायचं असेल तर गप्प राहा, असं म्हणणाऱ्या लोकांनी एका शब्दात किती कोंबून ठेवलं आहे! बोलणं आणि न बोलणं या दोन्हींना एकच जीभ पुरते. पण गप्प बसणं हे ज्याला बोलता येतं त्याचं सुख आहे. बाबांना मध्येच चहाची चव खटकते, बातमी ऐकून कपाळाला आठी पडते, ओठ हलतात, आणि बाहेर येतं चालेल. मग ते स्वतःच ते ऐकून मान खाली घालतात. परवा मी कारखान्यातून एक टाकाऊ बाटली मागून आणली, म्हटलं ही बघून तरी चिडतील. त्यांनी ती उजेडात फिरवली, गळ्यापाशी बुडबुडा होता तिथे नेमका अंगठा ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "चालेल." मला ते सहन होत नाही, आत्या.

असो. पत्र लांबलं. तब्येतीला जप, गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
कोशातली भाची

ता.क. मूळ गोष्ट राहिलीच. थेरपिस्ट म्हणते, विचार करून बोलायचे शब्द उशिरा येतात, रागाने सुटणारे आधी येऊ शकतात. तिने विचारलं, यांचं सगळ्यात जास्त कोणाशी वाजतं? आईने आणि मी एकमेकींकडे पाहिलं. आत्या, तुमच्या लहानपणी घरात जो कुत्रा होता तो काळा होता असं तू म्हणतेस आणि बदामी होता असं बाबा म्हणतात, आणि त्यावरून तू मावशीकडे भरल्या ताटावरून उठून गेलीस ती पुन्हा आलीच नाहीस. त्या कुत्र्याचा फोटो नाही, त्याला पाहिलेलं दुसरं कोणी आता उरलेलं नाही. तू फक्त ये, त्यांच्यासमोर बस आणि तो काळा होता असं सांग. प्रेमाने सांगू नकोस, नेहमीसारखं बोट नाचवून सांग.

ता.क. दुसरा. घरातून जाणारं पत्र सगळ्यांना वाचून दाखवल्याशिवाय पाकिटात घालायचं नाही, ही आपल्या घराची जुनी रीत तुला आठवत असेल. म्हणून वरचं सगळं आत्ता बाबांना वाचून दाखवलं. कुत्रा काळा होता इथे आले तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला. चेहरा लाल झाला, मानेची शीर तटतटली, आईने घाबरून माझा हात धरला, आणि ते म्हणाले, "बदामी." स्पष्ट म्हणाले. आई हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच कळलं नसेल. त्यानंतर चहात साखर किती तर बदामी, खिडकी लावू का तर बदामी. म्हणजे ज्या कामासाठी तुला बोलावत होते ते तू न येताच झालं, आणि माझ्याकडे आता काही निमित्त उरलं नाही. तरी ये. घरात दोन शब्द झाले आहेत, तिसऱ्यासाठी तू हवीस. दाराची बेल बिघडली आहे, खालूनच हाक मार. त्यांना ऐकू अगदी चांगलं येतं.