सीन एकाहत्तर : वगळला

३ मार्च
पोहोचलो! पॅसाडेनाच्या टेकडीवरचं घर, अंगणात लगडलेलं लिंबाचं झाड, आणि पडद्यावर पहिल्यांदाच ‘पटकथा : लाइल ग्रेडी’, माझं एकट्याचं नाव झळकणार. घर दिवंगत कादंबरीकार व्हर्जिल ऑकरमन यांचं. त्यांच्या पत्नी नेटीबाईंनी कादंबरीवर सिनेमा काढायचे हक्क दिले ते दोन अटींवर : पटकथा इथेच राहून लिहायची आणि त्यातला ‘मागे उरलेला’ कापायचा नाही. मी हातात हात देऊन कबूल केलं. गॅरेजात व्हर्जिलने कादंबरीसाठी स्वतः ठोकलेली लाकडी केबिन आहे. हौसेने आत बसलो. नेटीबाईंनी दार लावलं, उघडलं, गोड हसल्या.

९ मार्च
काम झकास चाललंय. कादंबरीत माणूस केबिनमध्ये शिरतो आणि क्षणात मंगळावर बाहेर पडतो. खरं तर तिथे त्याची हुबेहूब नक्कल उभी राहते. मूळ माणूस, म्हणजे ‘मागे उरलेला’, इथेच राहतो आणि त्याला जाळून टाकतात. सीन ७१मध्ये तो आतून दार ठोठावतो. नेटीबाईंनी वाचलं, डोळे पुसले, लिंबाचा केक पुढे सरकवला.

१७ मार्च
निर्माती गेलचा फोन. म्हणे, राजा, लोक पॉपकॉर्न खायला येतात, भाजलेला माणूस बघायला नाही. ७१ उडव, नाहीतर तुझ्या खुर्चीवर बसायला अर्धं शहर टपलंय. उडवला. सीनचे आकडे एकदा ठरले की बदलत नाहीत, म्हणून ७१ तसाच राहिला. पुढे फक्त ‘वगळला’. नेटीबाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की आकडा राहिला म्हणजे जागा राहिली, बाळा. आणि जागा कोणीतरी भरावी लागते.

२१ मार्च
स्टुडिओच्या फाटकावरचा पहारेकरी ऑर्व्हिल हसत सुटला : काय साहेब, आत्ताच तर आत गेलात, भिंतीवरून उडी मारलीत की काय! गेललाही फोनवर माझं भारी कौतुक. सकाळच्या बैठकीत मी म्हणे कमाल केली.
मी बैठकीला नव्हतोच.

२३ मार्च
घराची किल्ली लागत नाही. खिडकीतून पाहिलं. जेवणाच्या टेबलाशी मी बसलोय. माझा निळा शर्ट. केक खातोय. नेटीबाईंनी मला पाहिलं — नीट पाहिलं — आणि पडदा ओढला.
गेलला फोन केला. म्हणाली, लाइल माझ्याशी दुसऱ्या फोनवर बोलतोय, तू कोण?
गॅरेजातच पडतो. ही वही तेवढी जवळ आहे.

२४ मार्च
जाग आली ती केबिनमध्ये. दार बाहेरून बंद.
बाहेर माझाच आवाज. गेलला फोनवर विचारतोय — नाव एकट्याचंच ना?
पेट्रोलचा वास. नेटीबाई त्याला सांगताहेत, काडेपेटी चुलीजवळ आहे, बाळा, थांब, मी आणते —
नेटीबाई, ७१ परत घालतो. आत्ताच लिहितो, शब्द न शब्द —
सीन ७१. केबिन. मागे उरलेला आतून दार ठोठावतो. बाहेर पावलं. तो ओरडतो, की मी खरा, मीच —