बिनकाट्याचा नातू

१४ डिसेंबर, रविवार
नातू अंश आज म्हणाला, आजी, आय ओन्ली ईट सामन. नो बोन्स. सहा वर्षांचा कोळ्याचा पोर आणि काट्याला घाबरतो! सामन म्हणजे परदेशी नदीतला गुलाबी मासा. चव खोडरबराची. सूनबाई शुभ्रा पुण्याची, ती त्यात ओमेगा असतं म्हणून आणते. लग्नाआधी वासानं नाक धरायची, आता मला मासा शिकवते.
ठरलं. या आखाती देशाचा व्हिसा संपून हर्णैला परत जायच्या आत याला काट्याचा मासा खायला लावणार. तोही मी स्वतः पकडलेला.

२० डिसेंबर
कुशल म्हणाला, आई, तू जन्मभर मासे विकलेस, पकडायचे ते बाबा. मी म्हटलं, रक्तात असतं. त्यानं मोबाइलवर मासेमारीचा परवाना काढून दिला. दर्याची लेक मी, मला परवाना!

२१ डिसेंबर, सकाळी
खाडीवर. धुकं. थंडी इतकी की कुशलचं जॅकेट घालून बसले. शेजारी किसन, इथल्या मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या वर्कशॉपमधला, आपल्या गुहागरचा. गळ कसा टाकायचा ते मी त्याला सांगितलं. त्याला चार मासे मिळाले. मला शून्य. गार पाण्यात मासे तळाला जातात, माझा दोष नाही.
चाऱ्याची कोळंबी वीस दिरहमची, म्हणजे पाचशे रुपये! इतकी ताजी की माशाला घालवेना. घरी आणून तळली.

२८ डिसेंबर
उत्तरेचा वारा. खलास. किसन म्हणतो, मावशी, पाण्यावर ओरडू नका, मासे भाव करून येत नाहीत. आगाऊ मेला. मी फक्त विचारलं होतं, येणार की नाही. गळ जॅकेटमध्येच अडकला, जॅकेट फाटलं. हलका माल.

४ जानेवारी, दुपारी
पकडला! हातभर शेरी, इथला काट्याचा मासा! गळ किसननं टाकला, यल्ला, चला मावशी म्हणून ओढलाही त्यानंच, पण काठी माझ्या हातात होती. अंश सोबत होता. म्हणाला, आजी, यू आर सो कूल. गाडीत बादली त्याच्या पायांत, घर येईस्तोवर माशाशी गप्पा. बरं झालं, ओळख झाली की भीती जाते.

४ जानेवारी, रात्री
आमसूल घालून फक्कड कालवण केलं. अंशनं बादलीत वाकून विचारलं, व्हेअर इज झैद? झैद कोण? तर मासा. वर्गातल्या दोस्ताचं नाव ठेवलेलं. मी म्हटलं, ताटात बघ.
अजून रडतोय.

१० जानेवारी
सहा दिवस झाले, पोर मासळीला शिवत नाही. काल शुभ्रानं सामन वाढला, तर विचारतो, व्हॉट वॉज हिज नेम? शुभ्रानं ताट उचललं आणि माझ्याकडे बघितलं. ही पुण्याची माणसं न बोलता बोलतात.
उद्या माझं विमान. आज तिच्या आईचा फोन आला, विहीणबाईंचा. पक्क्या शाकाहारी. दहा वेळा आभार मानले. म्हणाल्या, आम्हाला इतक्या वर्षांत जमलं नाही, ते तुम्ही एका रविवारी केलंत.