नसलेली पानं

४ जून

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

आईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. नऊ वर्षं ती ऑपरेशनला भीत राहिली आणि काम वीस मिनिटांत आटोपलं. पट्टी सोडल्यावर आधी तिने नर्सच्या रूपाचं कौतुक केलं, मग माझ्याकडे बघून डॉक्टरांना विचारलं, ह्या बाई कोण. सगळे हसले, म्हणून मीही हसले.

आता कामाचं. तू वर्षाकाठी दोन पत्रं पाठवतोस, चार-चार ओळींची. मी बाइंडिंगखान्यातून आले की तिला वाचून दाखवायचे, आणि चार ओळींची दोन पानं करायचे. तुला तिची आठवण येते, जेवताना घास अडतो, असलं काहीबाही. ऐकून ती शांत झोपायची. आता ती स्वतः वाचणार. तेव्हा बाबा रे, यापुढे जरा हात सैल सोडून लिही.

माया आहेच, ती कागदावर दिसू दे.

तुझी ताई

१९ जून

चि. बाळास आईचा पोटभर आशीर्वाद.

नऊ वर्षांनी स्वतःच्या हाताने लिहिते आहे. तुझी सगळी पत्रं ट्रंकेतून काढून वाचली. प्रत्येकाचं एकच पान, त्यावर चार ओळी. मला तर दोन-दोन पानं तोंडपाठ आहेत. बाकीची कुठे गेली, असं तुझ्या बहिणीला विचारलं तर म्हणते, ती मीच रचत होते. तिचा चेहरा आता मला नीट दिसतो. सुकून गेलाय. छापखान्यातल्या त्या मशीनवाल्याला माझ्यापायी लग्नाला नाही म्हटलं, असं सांगत आली; त्यानेच हिला नाही म्हटलं असणार. तुझी माया हिला बघवली नाही. दिवसभर कागद कापायचाच धंदा, दोन पानं नाहीशी करायला किती वेळ लागतो?

खरं काय ते तू कळव. तू म्हणशील तेच मी धरीन.

तुझी आई

२ जुलै

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझं अक्षर बघून डोळे भरून आले. ऑफिसात मान वर करायला सवड नाही, म्हणून उत्तराला उशीर.

पानांचं म्हणशील तर मी मनात येईल ते लिहीत आलो, मोजली कधी नाहीत. ती तुझ्यापर्यंत पोचली नाहीत हे वाचून वाईट वाटलं. ताईला बोलू नकोस, एकटं राहून माणूस असं होतं. तुला इकडे आणायचं फार मनात आहे, पण जागा लहान, मुलांच्या परीक्षा, हिची पाठ. तूर्त ताईजवळच राहा. पत्रं मात्र तिला उघडू देऊ नकोस.

तुझा बाळ

११ जुलै

चि. धाकट्यास,

आईने तुझं पत्र मला वाचून दाखवलं. दोनदा. छान लिहिलंस, माझ्याहून सरस.

काल मी बायकांच्या वसतिगृहात राहायला आले. निघताना आईने दारात माझी पिशवी तपासली, तुझे कागद आहेत का म्हणून. एक कोरी वही होती, तीही काढून घेतली.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आठ ऑगस्टला आहे. सहीला घरचं माणूस लागतं, आणि पुढे महिनाभर दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब घालायचे. डॉक्टरांना तुझा पत्ता दिला आहे. आईलाही सांगितलं की तू येणार आहेस. माझं बाकी काही तिला पटत नाही, एवढं लगेच पटलं. शेजारीण सांगत होती, सकाळपासून खिडकीत बसून असते. कोपऱ्यावरून येणारा माणूस तिला आता स्पष्ट दिसतो.

लोभ आता तिच्यावर असू दे.

ताई