गैरहजराच्या घरचा चहा

४ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेल्या निम्म्याला तुम्ही सोयीने 'आवाज तुटतोय' म्हणता, म्हणून हे पत्र. लिहिलेलं तरी टाळता येणार नाही.

मागच्या महिन्यात तुम्ही न्हाणीघरात घसरलात. तेही मला तुमच्या तोंडून कळलं नाही, भेटायला आले तेव्हा दंडावरच्या काळ्यानिळ्या डागावरून कळलं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. आई गेल्यापासून तुम्ही त्या दुसऱ्या मजल्यावर एकटे. पुन्हा पडलात तर कोणाला पत्ता लागणार?

आम्ही खालची खोली तुमच्यासाठी रिकामी केली आहे. ऊन छान येतं, धरायला भिंतीला दांडे बसवलेत. रंग तुमच्या जावयांनी स्वतः दिला, थोडा फरशीलाही दिला. इथे तुम्हाला काडीचंही काम पडणार नाही. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेत, आता आराम करा. महिनाअखेरीस मी न्यायला येते. मशीन कोणाला तरी देऊन टाका.

रागावलात तरी चालेल, माया मात्र पातळ करू नका.

तुमची,
ठमी

९ मार्च

चि. सौ. ठमीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तू शाळेत हेडबाई, त्यामुळे आमंत्रणसुद्धा नोटिशीसारखं लिहितेस. जावईबापूंना सांग, फरशीवरचा रंग टर्पेंटाइनने निघतो.

'काडीचंही काम पडणार नाही' हे तू आमिष म्हणून लिहिलंस, पण मला त्याचीच धास्ती वाटली. सकाळी दूध तापेपर्यंत मी खुर्चीला हात न लावता उठतो, बसतो, पुन्हा उठतो. दात घासताना एका पायावर उभा राहतो. आधी बेसिन धरावं लागे, आता नाही. घसरल्यानंतर हे सगळं बागेत भेटणाऱ्या आमच्या नर्सबाईंनी दटावून सुरू करायला लावलं. भाजी एका दिवसापुरतीच आणतो, म्हणजे उद्या जिना उतरणं आलंच. दुपारी बागेतलाच एक ड्रायव्हर मित्र माझ्याकडे जेवतो, नाहीतर मी त्याच्याकडे. एकटा माणूस जेवत नाही, उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकतो. संध्याकाळी कोणाची तरी विजार आखूड करायची असते, तेव्हा मशीनचा विषय पुन्हा काढू नकोस.

बागेत सकाळी आमचं टोळकं असतं. मी, नर्सबाई, बसवरचा ड्रायव्हर आणि पोस्टमास्तर, सगळे रिटायर झालेले. आमचा एक कायदा आहे. जो फिरायला येणार नाही, त्याच्या घरी उरलेल्यांनी तडक जायचं आणि त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. कारण कितीही खरं असो, सवलत नाही. ड्रायव्हर जात्याच आळशी, त्याची चहापूड आम्हीच संपवतो.

तू मायेपोटी लिहितेस हे कळतं गं मला. पण तुझ्या घरी मी पाहुणा होईन, आणि पाहुण्याला कोणी काम सांगत नाही. त्या रिकाम्या बसण्याची मला भीती वाटते.

घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. तू ओरडत असलीस तरी लोभ वाढताच ठेव.

तुझा,
बाबा

१४ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

शहात्तर वर्षांचे वडील एका पायावर उभे राहून दात घासतात, हे वाचून मी हसू की रडू?

चहाची गंमत छान आहे, पण ती गंमतच. अशी मंडळी चांगल्या दिवसांची असतात. एखाद्या सकाळी तुम्ही दिसला नाहीत तर म्हणतील, झोपला असेल शिंपी, आणि जातील आपापल्या घरी. वेळेला आपलंच माणूस लागतं.

अवेळी फोन वाजला की मी हातातलं टाकून धावते. वर्गात असले तरी लक्ष पर्समधल्या फोनकडे असतं. असं किती दिवस काढू? अठ्ठावीसला खोके घेऊन येते आहे. यावर वाद नको.

तब्येतीला जपा आणि लेकीचं एवढं ऐका.

तुमची,
ठमी

२१ मार्च

चि. सौ. ठमीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला, कारण मी दवाखान्यात होतो. घाबरू नकोस, पेशंट मी नव्हतो.

पोस्टमास्तर म्हणजे ज्याच्यावर घड्याळ लावावं असा माणूस. मंगळवारी तो बागेत आलाच नाही. ड्रायव्हरला आनंद झाला, एकदाचा याच्या घरचा चहा मिळणार म्हणून. पावसाची भुरभुर होती. नर्सबाई म्हणाल्या, झोपला असेल, पाऊस थांबल्यावर जाऊ. मी म्हटलं, कायदा म्हणजे कायदा, आत्ताच जायचं.

तो तिसऱ्या मजल्यावर राहतो. सगळ्यांच्या आधी वर मी पोचलो. ड्रायव्हर मागे धापा टाकत होता. बेल वाजवली, हाका मारल्या, उत्तर नाही. आत रेडिओ चालू. आम्ही एकमेकांकडे किल्ल्या ठेवतो आणि त्याची माझ्या खिशात होती. दार उघडलं तर हा स्वयंपाकघरात खाली पडलेला. शुद्धीवर होता, पण तोंड वाकडं झालेलं आणि शब्द फुटेना. नर्सबाईंनी एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, अर्धांगाचा झटका आहे, तोंडात पाणीसुद्धा घालू नका, निघा. ड्रायव्हरने शेजाऱ्याची गाडी काढली. नंतर डॉक्टर म्हणाले की वेळेत आणलंत, नाहीतर हा माणूस कायमचा अंथरुणाला खिळला असता.

ठमे, खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला. माझ्या गुडघ्यांचासुद्धा.

तो परवा घरी आला. बोलणं सुधारतंय, डाव्या हाताची बोटं मात्र ऐकत नाहीत. ती सतत वापरायला हवीत, असं नर्सबाई म्हणतात. म्हणून मी एका जुन्या शर्टाला कोटाची मोठाली बटणं शिवली आणि रोज त्याला ती लावायला बसवतो. जमली की आणखी लहान शिवतो. तो मला शिव्या देतो. परवापेक्षा काल स्पष्ट दिल्या, म्हणून आम्ही सगळे खूश आहोत.

तू ये, खोकेही आण. एक सकाळ आमच्याबरोबर काढ, मग तूच ठरव. मी हट्ट धरणार नाही. तुझा जीव टांगणीला लावून मला इथे सुख लागणार नाही.

आहे ती माया तशीच असू दे.

तुझा,
बाबा

३ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. रिकामे खोके इतके जपून घरी नेणारी बाई गाडीतल्या लोकांनी पहिल्यांदाच पाहिली असेल.

बागेत तुमच्यामागे चालताना मला धाप लागली, हे जावयांना कळवू नका. नंतर पोस्टमास्तरांकडे गेलो. ते शर्टाच्या शेवटच्या बटणापाशी अडले होते. बोटं थरथरत होती, कपाळावर घाम आला होता. माझ्याच्याने बघवेना, मी मदतीला हात पुढे केला, तर तुम्ही डोळ्यांनीच दटावलंत. लहानपणी मी पहिल्यांदा सुईत दोरा ओवत होते तेव्हाही असेच बघत होतात. शेवटी त्यांनी लावलं ते बटण. मग तुम्ही गिऱ्हाईक असल्यासारखी त्यांची कॉलर सारखी केलीत आणि उद्यापासून याहून लहान बटण मिळेल असं बजावलंत. ते तुम्हाला खाटीक म्हणाले. तुम्ही ताठ उभे होतात, बाबा. एवढं ताठ मी तुम्हाला आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मी तिथेच ठरवलं.

घरी आलो तर तुम्ही आपले कपडे घड्या घालून खोक्यात आधीच भरून ठेवलेले. ते मी एकेक काढून कपाटात लावत होते आणि तुम्ही दारात उभे राहून बघत होतात. मग चष्मा पुसायला आत निघून गेलात. तुमच्याकडून हे सगळं काढून घ्यायला मी निघाले होते आणि त्याला आराम म्हणत होते.

मेमध्ये मात्र आठ दिवस यायचंच. कापड आणून ठेवते, शाळेच्या हॉलचे सगळे पडदे तुम्हाला शिवायचे आहेत. पाहुणचार अजिबात होणार नाही.

आज शाळेत चित्रकलेच्या बाईंनी विचारलं, वडिलांना आणलं का. नाही म्हटलं. त्या हळहळल्या, म्हणाल्या, मग तिथे एकटेच राहतात का? इतकी वर्षं या प्रश्नाला मी खाली मान घालून हो म्हणत आले. आज सगळ्या स्टाफरूमला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की नाही, माझे बाबा एकटे राहत नाहीत.

तुमचा हात असाच डोक्यावर राहू द्या.

तुमची,
ठमी