माझ्या मनगटावरचं १९४६

वणी,
३० मे २००६

श्रीयुत किसनराव यांस,

नीळकंठचा सप्रेम नमस्कार आणि थोडा राग. (राग पत्राच्या मध्यावर येईल, तोवर नमस्कारावर भागवा.)

तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर आटोक्यात आली का? नेरला पाणी दिवसाआड येतं असं कळलं. इथे ते चौथ्या दिवशी येतं, त्यामुळे तुम्ही सुखात आहात असं समजून चालतो. यंदा तूर लावा, सोयाबीन लावा, पण दोन वर्षं भाव पडलेले असताना पुन्हा सगळ्या वावरात पऱ्हाटीच लावू नका, हे मी तुम्हाला तिसऱ्यांदा लिहितो आहे. तुम्ही ती लावणार आणि मी कापसाच्या भावासाठी सभा गाजवत फिरणार, हेही मला माहीत आहे. तुमची बहीण पंचफुला खुशाल आहे. गेल्या आठ दिवसांत तर जरा जास्तच खुशाल आहे आणि त्यामुळेच हे पत्र लिहावं लागतं आहे.

माझ्या मनगटावरच्या घड्याळाची हकीकत तुम्हाला नव्याने सांगायला नको. १९४६ साली कापसाच्या जिनिंगमधल्या कामगारांचा संप माझ्या वडिलांनी तडीस नेला, तेव्हा कामगारांनी आणा-आणा गोळा करून त्यांना हे मनगटी घड्याळ भेट दिलं. बाबा ते पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीलाच बांधत, एरवी ते पत्र्याच्या ट्रंकेत कुलपात असे, कोणाला हात लावू देत नसत. १९७४ च्या मे महिन्यात, माझ्या लग्नानंतर तिसऱ्या दिवशी, त्यांनी ते माझ्या हातावर बांधलं. तेव्हापासून बत्तीस वर्षं मी व्यासपीठावर डावा हात उंच करून दोन गोष्टी सांगत आलो. कापसाच्या सभेत सांगतो की हे घड्याळ कष्टकऱ्यांनी घडवलेल्या इतिहासाची साक्ष आहे. हुंड्याविरुद्धच्या सभेत सांगतो की भर मांडवात मी सासऱ्याने देऊ केलेलं घड्याळ नाकारलं, कारण या मनगटाला बापाच्या सचोटीचं घड्याळ पुरेसं होतं. दोन्हीकडे टाळ्या पडतात. तुम्ही तर पहिल्या रांगेत बसून वाजवता. (हे लक्षात ठेवा. रागाचं मूळ इथेच आहे.)

मागच्या आठवड्यात इथल्या कापसाच्या सभेत मी हमीभावावर बोलताना टेबलावर मूठ आपटली आणि घड्याळ बंद पडलं. सरकार जागेवरून हललं नाही आणि काटेही जागीच राहिले. दुसऱ्या दिवशी मी बसस्टँडजवळ धर्मपालच्या टपरीवर गेलो. धर्मपाल हा माझा जुना विद्यार्थी, दहावी ब, शेवटच्या बाकावरचा. आता डोळ्याला भिंग लावून बसतो आणि तालुक्यातली सगळी चावीची घड्याळं त्याच्याकडे येतात. मी सवयीने त्याला १९४६ चा इतिहास सांगायला घेतला. संप मिटेपर्यंत तो तबकडी न्याहाळत होता. मग भिंग न काढताच म्हणाला, "सर, राग नोका येऊ देऊ, पण हे घड्याळ शेहेचाळीसचं नाही."

किसनराव, मी तीस वर्षं इतिहास शिकवला आहे. सनावळीवरून मला कोणी टोकलं की माझं काय होतं, ते तुम्ही जाणता. मी बोललो. पण धर्मपालने मला तबकडीच्या तळाशी, सहाच्या आकड्याखाली, देशाच्या नावाच्या दोन्ही बाजूंना छापलेला मुंगीएवढा 'टी' दाखवला. काटे अंधारात चमकावेत म्हणून पूर्वी रेडियम लावत. पुढे त्याऐवजी ट्रिटियम नावाचं दुसरं औषध आलं आणि ते लावलेल्या तबकडीवर ही खूण छापू लागले. ही गोष्ट साठ सालानंतरची. (मी ग्रंथालयातली निम्मी कपाटं वाचून काढली, पण बत्तीस वर्षं स्वतःच्या मनगटावरची दोन अक्षरं वाचली नाहीत.) मी म्हणालो, तबकडी कोणी मागाहून बदलली असेल. त्याने यंत्रावरचा नंबर एका फाटक्या वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहिला आणि सदुसष्ट किंवा अडुसष्ट साल सांगितलं. मी म्हणालो, वही चुकली असेल. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "सर, तुमीच शिकोलं व्हतं. कागद पाहा, ऐकीव सोडा." माझं शिकवणं इतकं कोणाच्या लक्षात राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि ते नेमकं माझ्यावरच उलटलं होतं.

खरी गोष्ट तर झाकणाच्या आत निघाली. घड्याळ उघडणारा प्रत्येक कारागीर झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली खूण आणि तारीख कोरतो, हे तुम्हाला ठाऊक होतं का? गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नाही. पुढच्या कारागिराला कळावं म्हणून ही त्यांची आपापसातली नोंद असते. धर्मपालने झाकण उन्हात तिरपं धरलं. सर्वांत जुनी ओळ होती: 'पू., नेर, ११-५-७४'. धर्मपाल एकदम ताठ बसला. "हे तं आमच्या उस्तादाचं अक्षर हाय! पूनमसिंग, नेरवाले!" त्याला गुरूचं अक्षर सापडल्याचा आनंद झाला होता आणि मला माझ्या लग्नाची तारीख आठवत होती. वीस मे चौऱ्याहत्तर. नऊ दिवस आधी, तुमच्या गावात.

घरी आलो तेव्हा पंचफुला गच्चीवर कुरड्या घालत होती. मी जिन्यात उभा राहून 'नेर' एवढंच म्हणालो. तिने मान वळवली नाही. "समजलं वाटते," म्हणाली, "लय येळ लागला." मग सोऱ्या फिरवता फिरवता तिने जे सांगितलं, त्यातलं तुम्हाला काहीच नवीन नाही, कारण घड्याळाला तेलपाणी करून आणायला मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पूनमसिंगकडे तुम्हालाच पाठवलं होतं! तरी माझ्याकडे ते कसं पोहोचलं, ते एकदा माझ्या हातून लिहून होऊ द्या. बाबांचं १९४६ चं खरं घड्याळ त्र्याहत्तर सालीच, पाणी शेंदताना, विहिरीत पडलं होतं. कामगारांची भेट आपल्या हातून गेली, हे बाबांना कोणाला सांगवेना, म्हणून ते रिकाम्या ट्रंकेला कुलूप लावत राहिले. इकडे मी मांडवात मामाजींचं घड्याळ नाकारलं आणि नाकारताना पाऊण तास बोललो. मामाजी सगळा वेळ बंद मखमली डबी हातात धरून उभे होते. मग बाबांनी त्यांना मांडवामागे नेलं. पंचफुला पलीकडे कनातीआड बसली होती, तिने बाबांचं बोलणं ऐकलं. "ते मले द्या. मी माहं म्हणून पोराले देतो. तुमचं मन राह्यते, माही अब्रू राह्यते, अन पोराचं भाषण बी राह्यते."

म्हणजे बत्तीस वर्षं मी हुंड्याचं घड्याळ उंच धरून हुंड्याविरुद्ध बोलत होतो आणि तुम्ही पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होता. किसनराव, एकदा तरी खोकायचं होतं! (हाच तो राग. संपला.)

कारण त्यानंतर तिथेच मला एक गोष्ट आठवली. मामाजी आमच्याकडे आले की पाणी पिऊन पहिला प्रश्न विचारायचे, "जवाईबुवा, किती वाजले?" समोर भिंतीवर ताटाएवढं घड्याळ असायचं. मी एकदा त्यांना त्याच्यापुढे खुर्ची टाकून दिली, एकदा डोळे तपासून घ्या म्हणालो, एकदा तर वेळेच्या शिस्तीवर दहा मिनिटं बोललो. ते ऐकून घ्यायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. मी बाही मागे सारून मनगट पाहायचो, वेळ सांगायचो आणि ते "बरं बरं" म्हणायचे. शेवटच्या दुखण्यातही, एक्याण्णव साली, खाटेजवळ गेलो तर तेच विचारलं. मी म्हणालो, सव्वाचार. त्यांनी माझा हात जरा जवळ ओढला. मला वाटलं, त्यांना वेळेची खात्री करून घ्यायची आहे.

आता रविवारचं सांगतो. मारेगावला सामूहिक विवाह होता, एकवीस जोडपी. कापसाने दोन वर्षं दगा दिल्यावर लोकांना मांडव वाटून घ्यायची बुद्धी झाली, हे चांगलंच. हुंड्याविरुद्ध मी बोलायचं हे महिन्यापूर्वी ठरलेलं. घड्याळ धर्मपालने चालू करून दिलं होतं, पण ते बांधून उभं राहायची माझी छाती झाली नाही आणि जाणं रद्द करण्याचा माझा स्वभाव नाही. मोकळ्या मनगटाने गेलो. बोलता बोलता त्या ठरलेल्या जागी आलो आणि सवयीने डावा हात वर गेला. हातावर नुसता उन्हाने न रापलेल्या कातडीचा पांढरा पट्टा. मागून कोणीतरी ओरडलं, "मास्तर, घड्याळ कोठी गेलं?" (तालुक्याला माझी भाषणं पाठ आहेत, हे मला तेव्हा कळलं.)

दोन वाटा होत्या. दुरुस्तीला दिलं म्हणता आलं असतं. पण समोर एकवीस मुलगे मुंडावळ्या बांधून बसले होते आणि त्यांना मी निम्मं खरं सांगायला आलो नव्हतो. मी सगळं सांगितलं, विहिरीपासून कनातीपर्यंत आणि "किती वाजले" पर्यंत. वर हेही ठणकावलं की माझं मत तसूभर बदललेलं नाही. मागून घेणं हा दरोडाच आहे. पण नाकारतानाही समोरच्या बापाच्या हाताकडे एकदा पाहावं. मी पाहिलं नाही. मी माझं वाक्य कसं उतरतंय ते पाहत होतो.

पुढे बसलेल्या बसंतीबाई, एका नवरीची आई, उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, डोळे पुसतील. त्या म्हणाल्या, "मास्तर, सासऱ्यानं घड्याळ देल्लं ते लय बेस केलं. आज नाही तं पाहा, अकरा चाळीसचा मुहूर्त गेला, बारा वाजून राह्यले, अन तुमी बोलूनच राह्यले!" तेव्हा माझ्या ध्यानात आलं की भटजींनी मला तीन चिठ्ठ्या पाठवल्या होत्या आणि मी तिन्ही टाळ्यांच्या पावत्या समजून खिशात घातल्या होत्या. एकवीस लग्नं माझ्यापायी वीस मिनिटं उशिरा लागली. एकाही वरपक्षाने तक्रार केली नाही. अक्षता पडल्यावर एका नवरीचे वडील माझ्यापाशी आले, माझा तो मोकळा हात तेवढा दाबला आणि पंगतीकडे गेले.

असो. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. गुडघ्याला ऊन पाण्याचा शेक द्या आणि वावरात जायला काठी घ्या.

तुमचा, अजून वेळ न पाहता लिहिणारा,
नीळकंठ

ता. क. पूनमसिंग हयात असतील तर कळवा. धर्मपालला त्यांना भेटायचं आहे. मलाही.

ता. क. २. पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहूनच गेलं. घड्याळ टेबलावर पडून आहे, चावी मी रोज देतो, पण बांधवत नाही. जे मी नाकारलं, ते माझं मीच कसं बांधून घेऊ? मामाजी नाहीत, बाबा नाहीत. त्या घरचे कर्ते आता तुम्ही. येत्या रविवारी गुडघा परवानगी देईल तर नेरहून सकाळची एस. टी. धरा आणि ते माझ्या हातावर बांधून जा. या खेपेला मी एक शब्द बोलणार नाही. थोडक्यात, बत्तीस वर्षांनी मी सासरकडे लेखी हुंडा मागतो आहे. वाचून झाल्यावर हा कागद चुलीत घाला.

ता. क. ३. दादा, पाकीट चिकटवाले मायापाशी आलं म्हणून लिहून राह्यली. रविवारी नक्की ये. घड्याळाचं सारं कबूल केलं तरी चालते. पण पुस्तकाच्या सागवानी कपाटाचा विषय निघाला, तं ते आपल्या बाबानं नाही, मामाजीनंच, म्हंजे माह्या सासऱ्यानंच, घेतलं असं सांगजो. यायची हुंड्याविरुद्धची सारी पुस्तकं त्यातच हायेत, अन आता या वयात ती जमिनीवर कोठी मांडू? तुही पंचफुला.