गाठीचं औषध

लोणखेडा,
ता. २ एप्रिल १९६१

ती. स्व. प्रेमचंदभाऊस,
रंजनाचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल. केळीला पाणी चालू आहे. आपल्यासारख्या शाकाहारी गुजराच्या शेतात कोंबड्या, म्हणून बापूंचा राग अजून गेलेला नाही. खुराड्याकडे ते फिरकतही नाहीत.

तुझ्या कॉलेजच्या प्रयोगासाठी तू सांगितल्याप्रमाणे सगळ्या कोंबड्यांच्या दाण्यात मी डब्यातली पूड मिसळते. शहाद्याच्या गुरांच्या दवाखान्यातला छगन कंपाउंडर येऊन निम्म्यांना सुई देतो. परवा त्याने काही कोंबड्या कापून गळ्यातल्या गाठी तोलल्या. सुईवाल्यांच्या मुगाएवढ्या, बिनसुईच्यांच्या पावट्यासारख्या टम्म. मी कारण विचारलं.

"पूड गाठना रस बंद करस, मंग गाठ फुगस. सुईमा तोच रस शे. जितला दिधा का गाठ फुगस नही, तितला रस कोंबडी रोज करस. भाऊले तेच मोजनं शे."

म्हणजे पूड गाठ घालवत नाही, फुगवते.

भाऊ, डब्यावर तू 'गाठीचं औषध' लिहिलंस. तापाचं औषध ताप घालवतं, खोकल्याचं खोकला. मीही तसंच समजले. माझ्या गळ्याशी बारीक फुगवटा होता, तुला ठाऊक आहे. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, प्रकाशा गावची मंडळी मला बघायला येणार. तोवर तो ओसरावा म्हणून होळीपासून रोज दुधातून चिमूटभर पूड घेत होते.

आता पोलक्याचं वरचं बटण लागत नाही. एवढ्या उन्हात मला थंडी वाजते, गोधडी घेऊन बसते. दिवसा डोळे मिटतात. आई म्हणते, आळस भरलाय. कोंबड्या राखणाऱ्या रेवाबाईने काल माझ्या गळ्याकडे टक लावून बघत विचारलं, "ताई, तू बी तीच दवाई खाई ऱ्हायनी का?" मी साफ नाही म्हटलं.

पूड परवापासून बंद केली आहे. घरात कोणाला बोलले नाही. बापूंना कळलं तर तुला उंबऱ्यात उभं करणार नाहीत. मला फार भीती वाटते, भाऊ. आणि तुझा रागही येतो. 'गाठ फुगवायचं औषध' असा एक शब्द जास्त लिहायला तुझं काय जात होतं?

स्थळ मोडलं तर मोडू दे. छगनच्या सुईतला रस मी घेऊ का? कोंबडीला किती, ते तू त्याला सांगून गेलास. माणसाला किती? फुगलेली गाठ पुन्हा बसते का, हे मी कोंबड्यांचंच विचारते आहे असं भासवून त्याला विचारलं. तो हसला.

"काय माहीत, ताई. गाठ फुगेल कोंबडी आपन आजवर जित्ती ठेवेलच नही."

पत्र मिळेल त्या गाडीने नीघ.

तुझी,
रंजना