बाहेरच्यांनी शिवलेला तंबू

मी, मुक्ताबाई गेणू पडवळ, वय वर्षे शहात्तर, राहणार पवनानगर, तालुका मावळ, जिल्हा पुणे, पूर्ण शुद्धीवर राहून, कुणाच्या धाकाला न घाबरता वा लाडीगोडीला न भुलता, हे मृत्युपत्र सांगून लिहून घेत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. जीभही ठिकाणावर आहे, वकिलांनी ती गुळगुळीत करू नये.

१. धरणाकाठचा तंबू शिवण्याचा कारखाना माझ्या स्वकष्टाचा आहे. आमचा रिवाज असा, की नवा तंबू झाला की मंगळवारी काठावर उभा करायचा आणि येईल त्याला चहा पाजून त्यात खोड काढायला लावायची. मासे धरणाऱ्या मकसूदने जाळ्याची गाठ शिकवली. लोणावळ्याच्या मांडववाल्याने खुंटीऐवजी दगडाचं पोतं पुरायला सांगितलं. मुक्कामाला आलेली पुण्याची एक मुलगी म्हणाली, चेन आतून बंद झाली पाहिजे, नाहीतर बायकांना झोप लागायची नाही. सगळेच काही शहाणे नव्हते. ह्याच मकसूदच्या नादाने खिडकीला मासळीचं जाळं लावलं आणि गिऱ्हाइकं डास मारत बसली. कुणाचं घ्यायचं, कुणाचं सोडायचं, एवढंच माझं डोकं.

२. मी अंथरूण धरल्यावर मुलगा राजेंद्र याने पहिल्यांदा मंगळवार बंद केला. लोक आपली अक्कल चोरतात म्हणे. अरे, आपली होती कुठे? फाटकावर रखवालदार बसवला. पुण्याहून दोन हुशार मुलं पगारावर आणून खोलीत कोंडली. त्यातल्या एकाने मकसूदला विचारून येऊ का म्हटलं, तर त्याला झापलं. आषाढात वारा सुटला आणि नवे तंबू उडून धरणात गेले, आतली माणसं चिखलात लोळली. नशीब, कुणी मेलं नाही. आमचे तंबू घेणाऱ्या कॅम्पवाल्यांनी पाठ फिरवली. आता कारखाना वर्षभर तगला तरी पुष्कळ.

३. तंबू उडाले त्या दिवशी सून सारिका एक फाटका तंबू जीपमध्ये टाकून, नवऱ्याला न सांगता, मकसूदकडे आणि मांडववाल्याकडे गेली. रडत गेली, पण गेली. राजेंद्र तिला उठता बसता म्हणतो, तू बाहेरची, तुला काय कळतं. सबब कारखाना, यंत्रं आणि नाव मी सारिका राजेंद्र पडवळ हिला देत आहे. प्रेमाने देत नाही. तिच्या हातची आमटी मला एक दिवस गोड लागलेली नाही. दयेपोटी तिने कारखाना नवऱ्याच्या नावे केला, तर त्याच दिवशी तो माझ्या धाकट्या जावेकडे जाईल. जाऊ सारिकाला पाण्यात पाहते, तेव्हा सारिका असला आगाऊपणा करणार नाही.

४. राहतं घर राजेंद्रला. त्याने माझं सगळं अंथरुणात केलं, उचलून न्हाऊ घातलं, तोंड वाकडं केलं नाही. त्याचा मोबदला घर. कारखाना सेवेवर मिळत नाही. परवा पाय चेपताना त्याने विचारलं, "आई, माझ्यात काय कमी हाय?"

मी म्हटलं, "काय बी कमी न्हाई, असं तुलाच वाटतं. म्हणून तू कुणाला इचारत न्हाईस."

तो पाय चेपत राहिला. मला वाईट वाटलं. मत बदललं नाही.

५. मकसूदला काही ठेवलेलं नाही. त्याला मंगळवारचा चहा मिळावा, साखर कमी.

६. हे मृत्युपत्र माझ्या तेराव्याला, कारखान्याच्या आवारात, जमलेल्या सगळ्यांसमोर राजेंद्रनेच मोठ्याने वाचावं. वकिली भाषा जड असते. कुठे अडला, तर शेजारी बायको उभी असेल, तिला विचारावं.

मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्याच तोंडचा आहे. खालील दोघांच्या देखत सही केली आणि त्यांनी माझ्या देखत केली.

सही: मुक्ताबाई गेणू पडवळ

साक्षीदार:
१. मकसूद मुलाणी, पवनानगर
२. कैलास ठाकर, तिकोणा पेठ

ठिकाण: पवनानगर
दिनांक: ९ सप्टेंबर २०२४